शहर राहायला आणि बघायला चांगलं कशामुळे होतं?

पायवाट (धागाकर्ती)

"जगातली सर्वांत राहण्याजोगी शहरं" अशा याद्या दरवर्षी फिरतात. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५ मध्ये कोपनहेगन वर आलं. गुण देताना स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा अशा पाच गोष्टी पाहतात. पाचही महत्त्वाच्या आहेत. पण अशा याद्यांचा एक मोठा उपयोग कंपन्यांना होतो. माणसं परदेशी पाठवताना कुठे किती जादा भत्ता द्यायचा, हे त्यावरून ठरतं. म्हणजे ज्याची राहायची सोय दुसरं कोणी करणार आहे, अशा माणसाच्या नजरेने शहर पाहिलं जातं. तिथलं घरभाडं साध्या पगारात बसतं का, हे त्या पाचांत येतच नाही.

प्रवासाच्या याद्यांचं दुसरं टोक. बघण्यासारखी दहा ठिकाणं, फोटो काढायच्या सहा जागा. त्या दहा ठिकाणांच्या मधलं शहर कसं आहे, ते कोणी सांगत नाही. पाहुण्याचा अर्धा वेळ तर त्या मधल्या शहरातच जातो.

माझं म्हणणं असं की जे शहर रोज राहणाऱ्यासाठी नीट चालतं तेच पाहुण्यालाही आवडतं. क्रम उलटा केला, पाहुण्यासाठी आधी सजवलं, की दोघांचंही बिघडतं. आणि नीट चालतं का हे पाहण्याची माझी कसोटी साधी आहे. ज्याच्याकडे गाडी नाही, खिशात फार पैसे नाहीत आणि अंगात फार जोर नाही, अशा माणसाला घराबाहेर दोन तास सुखाने काढता येतात का? चालता यावं, सावलीत बसता यावं, प्यायला पाणी मिळावं, लघवीला जाता यावं आणि कोणी "इथे का बसलात?" म्हणून हटकू नये. एवढं ज्याला काही विकत न घेता करता येतं त्याच्यासाठी ते शहर आहे.

कोपनहेगनचंच उदाहरण घ्या. स्ट्रोयगेट हा तिथला मुख्य बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला. दुकानदार संतापले होते. गिऱ्हाईक येणार नाही, इथल्या थंडीत लोक रस्त्यावर रेंगाळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक रेंगाळले. यान गेल या वास्तुविशारदाने पुढे वर्षानुवर्षं माणसं मोजली. किती चालतात, किती बसतात, किती वेळ थांबतात. गाड्या सगळीच शहरं मोजतात, माणसं मोजणारी फार थोडी. आज पाहुणा कोपनहेगनला जातो तो मुद्दाम त्या रस्त्यावर हिंडतो. तो रस्ता मात्र पाहुण्यासाठी मोकळा केलेला नव्हता.

तुमचे निकष काय? आवडलेल्या शहराचं नुसतं नाव सांगू नका, तिथे नेमकं काय आहे म्हणून आवडलं ते लिहा.


चौकस

पायवाट, कसोटी आवडली, पण ती बाहेरच्या दोन तासांची आहे. उरलेल्या बावीस तासांचं काय? शहर चांगलं की वाईट हे आधी डोक्यावरच्या छपरावर ठरतं. कितीही देखणी बाग असू दे, तिथे पोचायला दीड तास लोकलमध्ये लोंबकळावं लागत असेल तर ती बाग माझ्या शहरातली नाही.

व्हिएन्ना यादीत वर येतं त्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा एक निर्णय आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांचे अतोनात हाल होते. १९२३ मध्ये नगरपालिकेने घरबांधणीसाठी वेगळा कर लावला. साध्या घराला नाममात्र, आलिशान घराला जबर. त्या पैशातून दहा वर्षांत साठ हजारांवर घरं उभी राहिली. त्यातलं कार्ल मार्क्स होफ १९३० मध्ये पूर्ण झालं. एक किलोमीटरहून लांब इमारत, १,३८२ घरं, आणि आतच धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना. बांधकाम एकूण जागेच्या पाचव्या भागाहूनही कमी जागेवर, बाकी सगळं अंगण आणि झाडं.

आज तिथे नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की उत्पन्नाची मर्यादा फक्त घर मिळताना तपासतात. पुढे पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यात सफाई कामगार आणि प्राध्यापक राहतात. गरिबांची वस्ती म्हणून शिक्का बसत नाही. आणि एवढी घरं बाजाराबाहेर असली की खासगी घरमालकालाही भाडं वाटेल तसं चढवता येत नाही.

पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. पण ट्रामचा चालक, दवाखान्यातली परिचारिका, हॉटेलातला वाढपी हे सगळे शहरातच राहतात, दमून तीन तासांचा प्रवास करून येत नाहीत, याचा फायदा पाहुण्याला मिळतोच.


निळासावळा

चौकस +१. फक्त एक जोड. सरकारने बांधणं हा एक मार्ग, बांधू देणं हा दुसरा. टोक्योत दरवर्षी एक लाखाहून जास्त नव्या घरांचं काम सुरू होतं. जमिनीच्या वापराचे नियम राष्ट्रीय कायद्याने ठरलेले आहेत, त्यामुळे "आमच्या गल्लीत नवी इमारत नको" म्हणून शेजाऱ्यांना सहज अडवता येत नाही. एवढं अवाढव्य शहर असूनही तिथे साध्या नोकरीवर एक छोटी खोली परवडू शकते.


अबोली२

बाई म्हणून माझा निकष एकच. अंधार पडल्यावर मी घड्याळ न बघता बाहेर राहू शकते का?

यावर लोक लगेच दिव्यांकडे आणि कॅमेऱ्यांकडे वळतात. दिवे हवेतच. पण रिकाम्या रस्त्यावर झगझगीत दिवा असला तर मी सगळ्यांना दिसते, मला मात्र प्रकाशाच्या पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही. मला आधार वाटतो तो उघड्या दुकानाचा, पहिल्या मजल्यावरच्या उजेड असलेल्या खिडकीचा, थांब्यावर उभ्या असलेल्या आणखी चार जणांचा. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ मध्ये हेच मांडलं होतं. रस्त्यावर लक्ष ठेवणारे डोळे हवेत, आणि ते पगारी पहारेकऱ्याचे असून भागत नाही, तिथल्या दुकानदारांचे, रहिवाशांचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हवेत.

विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे रोखून माणसं कशी वागतात ते नोंदवलं. त्याचं एक निरीक्षण मला कायम लक्षात राहिलंय. जिथे बायकांचं प्रमाण चांगलं, ती जागा नीट चाललेली. बायका जागा निवडताना जास्त चिकित्सा करतात. त्या दिसेनाशा झाल्या की काहीतरी बिघडलंय असं समजावं. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं नेमकं तेच झालं होतं. उंच कुंपण, दाट झुडपं, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसायचं नाही, आणि अमली पदार्थ विकणाऱ्यांनी ती जागा बळकावली. ती परत मिळवायला पोलिसांपेक्षा जास्त काम केलं ते आराखड्याने. झुडपं काढली, दारं रुंद केली, हलवता येणाऱ्या शेकडो खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली आणि भरून गेली.

व्हिएन्नाचा विषय निघालाच आहे तर तिथलीच आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकात पाहणी केल्यावर तिथल्या नगरपालिकेच्या लक्षात आलं, की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात. मुलगे येत राहतात. कारण बागेत एकच मोठं मैदान, त्याला चहूबाजूंनी जाळी आणि आत जायला एकच दार. एकदा मुलग्यांनी ते दार अडवलं की मुली आत शिरत नसत. मग दोन बागांत बदल करून पाहिले. मैदानाचे तुकडे केले, दारं वाढवली, व्हॉलीबॉलची सोय केली, गप्पा मारत बसायला कोपरे केले. मुली परत आल्या. कुठलाही नियम करावा लागला नाही, पाटी लावावी लागली नाही. हे वाचल्यापासून मी कुठल्याही बागेत गेले की आधी दारं मोजते.


गणितप्रेमी

मी वाहतूक नियोजनात काम करतो, त्यामुळे माझं लिहिणं थोडं आकड्यांचं होईल.

शहरातल्या चांगुलपणाचा मोठा भाग गाडीच्या वेगावर अवलंबून असतो. वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला की आघाताची ऊर्जा पावणेतीनपट होते. ३० ला धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, ५० ला त्याची शक्यता झपाट्याने घटते. हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ३० आहे. जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षात त्या शहरात रस्ते अपघातात एकही माणूस मेला नाही. एकही नाही. नुसत्या पाट्या लावून हे होत नाही. रस्ता अरुंद करावा लागतो, वळणाचा कोपरा आखूड करावा लागतो, म्हणजे चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला "पळव" असंच सांगत असतो, शेजारच्या पाटीवर आकडा काहीही असू दे.

दुसरी गोष्ट शेजाराची. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन गल्ल्यांचा अभ्यास केला. घरं सारखी, माणसं साधारण सारखी, फरक फक्त रहदारीचा. एकीवरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसरीवरून ८,०००, तिसरीवरून १६,०००. कमी रहदारीच्या गल्लीत माणसाला गल्लीतलेच सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या गल्लीत एकाहूनही कमी. "तुमचं घर कुठपर्यंत, ते नकाशावर दाखवा" असं विचारल्यावर शांत गल्लीतल्यांनी अख्खी गल्ली वेढणारी रेघ काढली. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांची रेघ आपल्या इमारतीपाशी थांबली. याच ॲपलयार्डांचा १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने मृत्यू झाला.

तिसरी गोष्ट बसची. लोक विचारतात, बस कुठे जाते? मी विचारतो, किती वेळाने येते? दर तीस मिनिटांनी येणाऱ्या बसची वाट सरासरी पंधरा मिनिटं बघावी लागते, दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसची पाच. एकदा बदलून जायचं असेल तर हा फरक दुप्पट होतो. दहा मिनिटांच्या आत बस आली की माणूस वेळापत्रक बघणं सोडून देतो, आणि पाहुण्यालाही ते शोधत बसावं लागत नाही. ब्राझीलमधल्या कुरितीबा शहराने १९७४ मध्ये बससाठी वेगळा मार्ग काढला आणि १९९१ मध्ये नळीसारखे बंदिस्त थांबे आणले. तिकीट आधीच काढायचं, थांब्याची फरशी बसच्या पातळीला. पायऱ्या चढायच्या नाहीत, सुटे पैसे शोधायचे नाहीत. मेट्रोचा वेग बसच्या खर्चात.


उंबरठा

गणितप्रेमी, पातळीचा मुद्दा काढलात म्हणून लिहिते. मी व्हीलचेअर वापरते.

तुम्हा सगळ्यांना शहर रस्त्यांनी जोडलेलं दिसतं, मला ते कडांनी तोडलेलं दिसतं. फूटपाथची कड चार बोटं उंच असली तरी माझ्यासाठी ती भिंत. उतार केलेला असतो, पण त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेला असतो, दुचाकी चढू नये म्हणून. दोन खांबांतलं अंतर माझ्या खुर्चीपेक्षा दोन इंच कमी. मग मी गाड्यांमधून जाते. आणि समोरच्या बाजूला उतारच नसतो. हे रस्ता ओलांडून झाल्यावर कळतं, तोपर्यंत मागचा सिग्नल सुटलेला असतो.

म्हणून मला कोपनहेगनमधली आणि डच शहरांतली एक साधी पद्धत फार मोलाची वाटते. मुख्य रस्त्याला छोटी गल्ली येऊन मिळते तिथे फूटपाथ खाली उतरत नाही. तो त्याच उंचीवर, त्याच फरशीने सरळ पुढे जातो आणि गाडीला त्याच्यावर चढून उतरावं लागतं. कोणी कोणाच्या वाटेत आलंय, हे पाटीशिवाय समजतं. माझ्याबरोबर बाबागाडीवाली आई, चाकांची बॅग ओढणारा पाहुणा, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे त्यावरून जातात.

दृष्टिहीनांसाठी फूटपाथवर ज्या उठावदार पिवळ्या लाद्या असतात त्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या. १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, इथे रस्ता किंवा जिना आहे. आता त्या जगभर आहेत, पण बसवणाऱ्याला अर्थ माहीत नसला तर त्या नेमक्या झाडावर नेऊन सोडतात.

सिग्नलचंही तेच. पादचाऱ्याचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा हे बऱ्याच ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालणारा माणूस धरून ठरवतात. माझी आई तेवढं चालत नाही. सिंगापूरने २००९ पासून खांबावर कार्ड टेकवायची सोय केली. ज्येष्ठांनी आणि अपंगांनी कार्ड टेकवलं की रस्त्याच्या रुंदीनुसार हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद जास्त राहतो. तेवढे सेकंद जास्त मिळाले तर आई पलीकडे पोचेल, आणि मध्यभागी उभी राहून घाबरणार नाही.

सुलभ शहर हा वेगळा विषय म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका, एवढीच विनंती. हाच मूळ विषय आहे.


पायवाट

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कसोटीत "अंगात फार जोर नाही" एवढंच लिहिलं होतं, त्याचा खरा अर्थ तुम्ही दाखवलात.


वळणवाट

मी पाहुण्याच्या बाजूने लिहितो. भटकणं माझी आवड आहे आणि तीच माझी काळजीही.

व्हेनिसच्या गल्ल्यांत एकही मोटार नाही. अख्खं पादचारी शहर म्हणावं असं. पायवाटच्या कसोटीत ते पहिलं यायला हवं. पण १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे १,७५,००० माणसं राहत होती, २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली गेली. घरं पाहुण्यांना भाड्याने गेली आणि रोजच्या गरजेची दुकानं मुखवटे विकणाऱ्यांनी घेतली. २०२१ मध्ये अवाढव्य जहाजांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली, एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. पैसे घेतले म्हणून गेलेला शेजारी परत येत नाही. आणि पाहुणा म्हणून मला विचाराल, तर जिथे संध्याकाळी साडेसहानंतर खिडकीत दिवा लागत नाही त्या गल्लीत माझं मन रमत नाही. मी जे बघायला आलो ते माझ्यासारख्यांनीच बाहेर ढकललं, हे जाणवत राहतं.

बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सुमारे १०,००० सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. मला हॉटेलात राहावं लागेल, महाग पडेल, चालेल.

उलट उदाहरण कोलंबियातल्या मेडेयीन शहराचं. डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना खालच्या शहराशी जोडायला २००४ मध्ये केबलकार सुरू केली, तीही मेट्रोला जोडून, एकाच भाड्यात. २०११ मध्ये कोमुना १३ या वस्तीत उघड्यावरचे सरकते जिने बसवले. तोपर्यंत तिथले लोक अठ्ठावीस मजल्यांइतकी चढण रोज पायी चढत होते, सिलिंडर आणि पोरं घेऊन. हे सगळं रहिवाशांसाठी केलं, आणि जगभरचे लोक ते बघायला येऊ लागले. पायवाटचा क्रम बरोबर आहे याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मात्र आता त्या जिन्यांवर पाहुण्यांची इतकी गर्दी असते की रहिवाशांनाच त्रास होतो. म्हणजे क्रम बरोबर लावला तरी तो टिकवावा लागतो.


तिऱ्हाईत

सगळे प्रतिसाद नियोजनाकडे झुकलेत, म्हणून थोडं विरुद्ध बोलतो.

ब्राझीलिया बघा. लुसिओ कोस्टाचा आराखडा, ऑस्कर नीमायरच्या इमारती, १९६० मध्ये राजधानी सुरू, १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. कागदावर प्रत्येक गोष्टीला जागा आहे. घरांचा भाग वेगळा, बँकांचा वेगळा, हॉटेलांचा वेगळा. आणि पायी चालणाऱ्याला एका भागातून दुसऱ्यात जायला महामार्गासारखे रस्ते ओलांडावे लागतात. डोळे दिपतात, पाय दमतात.

अबोली यांनी जेन जेकब्जचा उल्लेख केला. त्यांचा दुसरा मुद्दाही तितकाच मोठा आहे. शहरात जुन्या, थोड्या कळकट, स्वस्त भाड्याच्या इमारती हव्यात. नवीन कल्पनेला नव्या इमारतीचं भाडं झेपत नाही. नाटकाची तालीम, छोटा छापखाना, दुरुस्तीची टपरी, पहिलंच दुकान टाकणारी मुलगी, यांना जुनी इमारत लागते. सगळं चकाचक केलं की शहर फक्त आधीपासून पैसा असलेल्यांचं होतं.

आणि सुशोभीकरणाची किंमत कोण मोजतं तेही पाहा. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चोंगेचॉन नाल्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह मोकळा केला. सुंदर झाला, उन्हाळ्यात काठावर गारवा असतो, मला स्वतःला ते काम आवडतं. पण तिथल्या फेरीवाल्यांना उठवलं गेलं आणि भोवतालच्या जागांचे भाव चढले. चौकस म्हणतात तसं घराचं गणित आधी पक्कं नसेल, तर पायवाटची बाकं आणि सावल्या गरिबालाच हुसकावतील.


चौकस

तिऱ्हाईत, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.


पायवाट

मीही सहमत. तरी बाक आणि सावली मागेच ठेवा, आधी घरं होऊ द्या, असं मला म्हणता येणार नाही. घर लहान असलं की बाहेरची जागा जास्तच लागते. मोठ्या बंगल्यात राहणाऱ्याला सार्वजनिक बाक लागत नाही.

पाण्याचं बघा. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि बहुतेकांचं पाणी पिता येतं. रोममध्ये साधारण अडीच हजार बिडाच्या पाणपोया आहेत, पहिल्या १८७४ मध्ये बसवल्या. त्यांच्या तोटीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालची धार बोटाने दाबली की पाणी त्या भोकातून वर उसळतं आणि ओठ न लावता पिता येतं. बाटली भरणारा पाहुणा आणि दुपारी दमलेला मजूर एकाच नळाशी उभे असतात. हे महागडं काम नाही.

स्वच्छतागृहाचंही तसंच. पॅरिसमधली रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहं २००६ पासून फुकट आहेत. टोक्योत वास्तुविशारद शिगेरु बान यांनी बागेतली स्वच्छतागृहं रंगीत पारदर्शक काचेची केली. आत जाण्याआधी बाहेरूनच दोन गोष्टी दिसतात, जागा स्वच्छ आहे का आणि आत कोणी आहे का. कडी लावली की काच अपारदर्शक होते. बाईला सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात नेमक्या याच दोन भीती वाटतात, आणि त्या कोणीतरी गांभीर्याने घेतल्या.


अबोली२

पायवाट, अगदी. बायका कमी पाणी पिऊन घराबाहेर पडतात, हे शहर मोजणाऱ्या कुठल्याच यादीत येत नाही.


पारिजात

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. माझा निकष, आठ वर्षांचं मूल एकटं शाळेत जाऊ शकतं का?

जपानमध्ये हे सर्रास दिसतं. मुलांना लावलेली शिस्त हे त्याचं एक कारण, रस्ता हे दुसरं. तिथे १९६२ च्या कायद्यापासून गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे दाखवावं लागतं. त्यामुळे निवासी गल्ल्यांत दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांच्या भिंती नसतात. मुलाला रस्ता दिसतो आणि चालकाला मूल दिसतं.

स्पेनमधलं पोंतेवेद्रा हे ऐंशी-नव्वद हजार वस्तीचं शहर. १९९९ पासून तिथल्या मध्यभागातून विनाकारण जाणाऱ्या गाड्या हटवल्या. सामान पोचवणाऱ्यांना, अपंगांना, तिथेच राहणाऱ्यांना मुभा आहे, आरपार जाणाऱ्यांना नाही. त्यांनी मेट्रोच्या नकाशासारखा पायी चालण्याचा नकाशा काढला. या चौकातून त्या बागेपर्यंत किती मिनिटं, तिथून स्टेशनपर्यंत किती. पाहुण्याला तो नकाशा मिळाला की तो टॅक्सी शोधत नाही. मुलं मधल्या चौकात चेंडू खेळतात आणि आयांना बाकावरून ओरडावं लागत नाही.


निळासावळा

सगळं पटतंय. पण लोक बदलाला विरोध करतात त्याचं काय? गाडी ही अनेकांची गरज आहे. सुरुवात कशी करायची?


गणितप्रेमी

विरोध होणारच, आणि विरोध करणाऱ्यांचं ऐकायला हवं, कारण त्यातल्या काहींची अडचण खरी असते. स्टॉकहोमने मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरवलं तेव्हा बहुमत विरोधात होतं. त्यांनी जानेवारी ते जुलै २००६ अशी सात महिने चाचणी घेतली, बसेस आधीच वाढवून ठेवल्या. शुल्काच्या हद्दीवरची रहदारी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. चाचणी संपली, शुल्क बंद झालं आणि गर्दी परत आली. लोकांनी तिन्ही अवस्था स्वतः अनुभवल्या. मग सप्टेंबरमध्ये मतदान झालं, शहराने होकार दिला आणि २००७ मध्ये शुल्क कायमचं झालं.

याहून स्वस्त सुरुवात कोलंबियाच्या राजधानीची, बोगोताची. १९७४ पासून चालत आलेली रीत आहे. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, १२० किलोमीटरहून जास्त रस्ते गाड्यांना बंद. सायकली, धावणारे, चाकाच्या खुर्च्या, रांगणारी पोरं, सगळे मुख्य रस्त्यावर. लागतं काय, तर अडथळ्याच्या पट्ट्या आणि चौकाचौकात उभे राहणारे मार्गदर्शक. काही तोडावं लागत नाही, बांधावं लागत नाही, दोन वाजता सगळं पूर्ववत. शहराच्या दोन टोकांचे लोक एकमेकांना एरवी भेटतच नाहीत, ते तिथे एका रस्त्यावर असतात, आणि आलेला पाहुणाही सायकल घेऊन त्यात शिरतो.

निळासावळा, करायचंच असेल तर एक शाळा असलेला, बसमार्ग नसलेला रस्ता निवडा. शाळा सुटायच्या अर्ध्या तासापुरता बंद करून बघा. आधी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात आणि घरात जाऊन बोला, रुग्णवाहिका आणि अपंगांच्या गाड्यांसाठी वाट ठेवा. बंद करण्याआधीच्या आठवड्यात माणसं मोजा आणि नंतरही मोजा, कारण बैठकीत आकडे लागतील.


उंबरठा

मोजाल तेव्हा किती जणांना बाहेर येताच आलं नाही, त्यांचीही चौकशी करा. ते रस्त्यावर दिसणार नाहीत, घरी जाऊन विचारावं लागेल. मी यादी करायला मदत करेन, व्यक्तिगत निरोप करा.


निळासावळा

केला आहे, उंबरठाताई. शाळेला लागून असलेला एक रस्ता डोळ्यासमोर आहे. तिथल्या फूटपाथच्या कडा कुठे कुठे तुटल्यात ते या शनिवारी लिहून आणतो.